पोर्ट लुई : सोळा पायऱ्यांचे बंदर

आपली माणसे पूर्वी दर्या ओलांडून दूरदूरच्या मुलखात गेली. कुणी पोटासाठी गेले. कुणी कर्जापायी गेले. कुणाला गोड बोलून, फसवून नेले. अशी लाखो माणसे ज्या बंदरात उतरली, त्या बंदराची माहिती आज आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव पोर्ट लुई. मॉरिशस नावाच्या बेटावर हे शहर आहे. त्या देशाची राजधानीही हेच.

तुम्ही म्हणाल, "एवढ्या लांबच्या गावाशी आमचं काय काम?" काम आहे, मंडळी. या बंदरात जी माणसे उतरली, त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे ते न कळताच त्यांनी निशाणी केली होती. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी सही करायला शिकून त्या देशाचा कारभार हाती घेतला. ही गोष्ट आपण वाचलीच पाहिजे.

बेट कुठे आहे?

मुलांच्या शाळेतला जगाचा नकाशा घ्या. मुंबईवर बोट ठेवा. आता बोट खाली आणि डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येला न्या. आफ्रिका खंडाजवळ मादागास्कर नावाचे भलेमोठे बेट दिसेल. त्याच्या उजवीकडे, आठशे-नऊशे किलोमीटरांवर, एक बारीक ठिपका आहे. तोच मॉरिशस. मुंबईपासून तो साडेचार हजार किलोमीटरांहून लांब आहे.

बेट लहान आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे चार सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही ते लहान भरेल. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. पोर्ट लुई शहर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. वस्ती सुमारे दीड लाख. म्हणजे रत्नागिरी शहराच्या साधारण दुप्पट. फार मोठे नाही, फार लहानही नाही.

तिथले ऋतू आपल्या उलट असतात, बरं का. आपल्याकडे पौषाची थंडी पडते, तेव्हा तिथे उन्हाळा असतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजले, की तिथे साडेसात.

बंदर इथेच का झाले?

बेटाला चहूकडून समुद्र असतो. मग बंदर कुठेही करावे की! पण तसे होत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जहाजाला खोल पाणी लागते, वाऱ्यापासून आडोसा लागतो आणि आत शिरायला वाट लागते.

मॉरिशसच्या भोवती बहुतेक ठिकाणी पोवळ्यांची रांग आहे. पोवळे म्हणजे समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेला दगडासारखा बांध. त्याच्यावर जहाज आदळले की फुटलेच समजा. पण जिथे नदीचे गोडे पाणी आणि गाळ समुद्रात येतो, तिथे पोवळे वाढत नाही. तिथे बांधाला खिंड पडते. पोर्ट लुईसमोर अशी खिंड आहे. तीच जहाजांची वाट.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. या बेटावर वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारा वाहतो. पोर्ट लुई बरोबर उलट्या बाजूला, वायव्येला आहे. शिवाय शहराच्या पाठीशी डोंगरांची कमान आहे. त्यातला 'पूस' म्हणजे अंगठा नावाचा डोंगर ८१२ मीटर उंच आहे. लांबून पाहिले तर मूठ वळून अंगठा वर केल्यासारखा दिसतो. डोंगर वारा अडवतात आणि बंदरातले पाणी शांत राहते. शिडाच्या जहाजांना असे ठिकाण म्हणजे माहेरच वाटायचे.

बेटाचे मालक बदलत गेले

पूर्वी या बेटावर माणसांची वस्ती नव्हती. १५९८ साली डच लोक आले. त्यांच्या मॉरिस नावाच्या राजपुत्रावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटले. त्या वेळी इथे डोडो नावाचा मोठा पक्षी होता. त्याला उडता येत नव्हते. माणसे आली, त्यांच्याबरोबर उंदीर, डुकरे, माकडे आली. शंभर वर्षे व्हायच्या आतच डोडो जगातून नाहीसा झाला. आता पोर्ट लुईच्या संग्रहालयात त्याची नुसती हाडे पाहायला मिळतात.

१७१० साली डच बेट सोडून गेले. १७१५ साली फ्रेंच आले. त्यांनी आपल्या लुई राजाचे नाव बंदराला दिले. तेव्हापासून ते पोर्ट लुई. १७३५ साली ला बुर्दोने नावाचा गव्हर्नर आला. त्याने धक्के, गोदामे, दवाखाना आणि जहाजदुरुस्तीचे कारखाने उभारले. नदीचे पाणी पाटाने शहरात आणले. जहाजांना लांबच्या प्रवासात गोडे पाणी लागते. ते मिळू लागले, म्हणून जहाजे थांबू लागली. त्याचा पुतळा आजही बंदराकडे तोंड करून उभा आहे.

पण हे दगड वाहिले कुणी? पाट खणले कुणी? पुतळा गव्हर्नरचा आहे, पण घाम दुसऱ्यांचा होता. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून पकडून आणलेल्या गुलामांचा तो घाम. पाँडिचेरीकडून नेलेले तमिळ कारागीरही त्यांच्या जोडीला होते.

१८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट जिंकले. त्यांनी उसाची लागवड खूप वाढवली. १८३५ साली गुलामी बंद झाली. साठ हजारांहून जास्त गुलाम होते. सुटका त्यांची झाली, पण नुकसानभरपाई मिळाली ती मळेवाल्यांना! उलटा न्याय तो. सुटलेल्या गुलामांना पुन्हा त्याच मळ्यांवर राबायची इच्छा नव्हती. मग उसाला माणसे हवीत, ती आणायची कुठून? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

सोळा पायऱ्या

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज पोर्ट लुईला लागले. त्यातून ३६ हिंदी मजूर उतरले. ती सुरुवात. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून तिथे गेली. सर्वांत जास्त बिहारकडची. काही तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत रत्नागिरी, ठाणे, सातारा या भागांतली आपली माणसे होती. पुढे बरीच परत आली. पण निम्म्याहून जास्त तिथेच राहिली.

माणसे जमवणारे दलाल काय काय सांगत! तिथे दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी थाप मारीत, ही गोष्ट मॉरिशसमध्ये अजून सांगतात. कागदावर पाच वर्षांचा करार असे. महिना पाच रुपये पगार, शिवाय तांदूळ, डाळ, तेल, मीठ. इंग्रजीत करार म्हणजे 'अ‍ॅग्रिमेंट'. आपल्या माणसांच्या तोंडी त्याचे झाले 'गिरमिट'. म्हणून ती माणसे गिरमिटिया.

कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर जहाज लागे. धक्क्यावर दगडी पायऱ्या होत्या. मोजून सोळा. त्या चढल्या की तपासणीची जागा. नाव लिहायचे, गाव लिहायचे, डॉक्टरने तपासायचे, नंबर द्यायचा. स्वयंपाकघर, दवाखाना, न्हाणी सगळे तिथेच. दोनेक दिवस राहिले की मळेवाला येऊन आपल्या वाट्याची माणसे घेऊन जाई. १८४९ पासून ही जागा या कामी वापरात होती. तिला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने तिला जगाचा वारसा म्हणून मान दिला. दर वर्षी २ नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते. लोक घाटावर जमतात आणि पूर्वजांची आठवण करतात. गुलामी संपल्याचा दिवस, १ फेब्रुवारी, हाही सुट्टीचा.

न वाचलेला कागद

मळ्यावर गेल्यावर खरा कागद कळे. एक दिवस कामावर नाही गेले, तर पगार दोन दिवसांचा कापत. त्याला 'डबल कट' म्हणत. ताप आला तरी पुष्कळदा तेच. परवान्याशिवाय मळ्याबाहेर सापडला, तर पोलीस धरीत. पुढे परतीचे फुकट भाडेही बंद केले. तक्रार करायची तर ती इंग्रजी नाही तर फ्रेंच भाषेत. भोजपुरी, मराठी, तमिळ बोलणाऱ्या माणसाने काय करावे? करारावर फुली नाही तर अंगठा असे. पण त्यात काय काय लिहिले आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

नावांचीही तीच गत झाली. कारकून परका. त्याच्या कानाला जसे ऐकू येई, तसे तो लिही. आपल्या इकडे आडनाव वेगळे, बापाचे नाव वेगळे. तिथे बापाचे नावच पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. म्हणून तिथल्या मराठी घरांतून 'सखाराम', 'भिवाजी' अशी आडनावे ऐकू येतात.

तरी त्या दप्तराचा एक उपयोग झाला. नाव, वय, उंची, गाव, जहाज हे सगळे त्यात लिहिलेले होते. पुढे फोटोही लावू लागले. हे कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. आज तिथली माणसे जातात, पणजोबाचे नाव शोधतात, त्यांचे गाव कोणते ते विचारतात. ज्याला स्वतःला अक्षर येत नव्हते, त्याचा पत्ता अक्षरानेच टिकवला. केवढी ही गंमत, आणि केवढे दुःख!

डास, वादळ आणि कालवा

बंदरात माल येतो, माणसे येतात, तसे रोगही येतात. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची मोठी साथ आली. पोर्ट लुईत हजारो माणसे मेली. हिवताप डासांमुळे पसरतो, हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत तो शोध लावला. हेच रॉस पुढे डासांच्या बंदोबस्तासाठी मॉरिशसला गेले होते. बेटावरची डबकी बुजवली, औषध फवारले. शेवटी १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की मॉरिशसमधून हिवताप गेला. तुमच्या दाराशी पाणी साचत असेल, तर ही हकिगत ध्यानात ठेवा.

साथीमुळे एक बदल झाला, तो अजून दिसतो. पैसेवाले लोक शहर सोडून उंचावरच्या थंड गावी राहायला गेले. आजही हजारो माणसे सकाळी कामाला पोर्ट लुईत येतात आणि संध्याकाळी वर घरी जातात. दिवसा शहर गजबजलेले, रात्री बरेचसे सामसूम.

१८६९ साली सुएझचा कालवा सुरू झाला. त्याआधी युरोपातून हिंदुस्थानात येणारी जहाजे सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून येत. वाटेत पोर्ट लुईला थांबत. कालव्याने वाट जवळची झाली. मुंबई बंदर भरभराटीला आले, पोर्ट लुईला मात्र उतरती कळा लागली. एका बंदराचा फायदा, तो दुसऱ्याचा तोटा. आता चाक पुन्हा थोडे फिरले आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. मग पुष्कळ जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि पोर्ट लुईला तेल भरायला थांबू लागली.

वादळे तर पाचवीला पुजलेली. २९ एप्रिल १८९२ च्या वादळात बेटावर सुमारे १२०० माणसे मेली. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. १९६० साली 'कॅरोल' नावाचे वादळ आले. हजारो लाकडी घरे उडाली. त्यानंतर लोक सिमेंटची पक्की घरे बांधू लागले. आता वादळाचे चार पायऱ्यांचे इशारे देतात. तिसरा इशारा झाला, की सगळे आपापल्या घरात.

अंगठा गेला, सही आली

आता मुख्य गोष्ट सांगतो.

१९०१ साली गांधीजी आफ्रिकेतून हिंदुस्थानात येत होते. त्यांचे जहाज पोर्ट लुईला थांबले. ते सुमारे तीन आठवडे बेटावर राहिले. त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगितले, "मुलांना शिकवा आणि देशाच्या कारभारात भाग घ्या." पुढे १९०७ साली मणिलाल डॉक्टर नावाचे बॅरिस्टर तिथे गेले आणि मजुरांची बाजू कोर्टात मांडू लागले.

तरीही मत देण्याचा हक्क मूठभर श्रीमंतांनाच होता. सगळ्या बेटावर मतदार सुमारे १२ हजार. मग नवा कायदा झाला. बेटावरच्या कोणत्याही एका भाषेत साधे वाचता-लिहिता येईल, त्याला मत मिळेल, असे ठरले. बाईला आणि पुरुषाला सारखेच. मळेवाल्यांना वाटले असेल, उसात राबणारी माणसे, ती कसली लिहितात!

पण गावोगावी बैठका भरत होत्या. बैठक म्हणजे संध्याकाळची शाळा. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत. बासदेव बिसुनदयाळ या कार्यकर्त्याने आणि त्यांच्या शेकडो स्वयंसेवकांनी लोकांना अक्षरे शिकवण्याचा धडाका लावला. १९४८ साली निवडणूक झाली, तेव्हा मतदार ७० हजारांवर गेले होते. दरवाजा उघडला तो पाटी-पेन्सिलीने.

१९५९ साली सर्वच प्रौढांना मत मिळाले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. हा दिवस मुद्दाम निवडला होता. १२ मार्चलाच गांधीजी दांडीला मीठ उचलायला निघाले होते. पोर्ट लुईत 'शां द मार्स' नावाचे मोठे मैदान आहे. १८१२ पासून तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. त्याच मैदानावर स्वतंत्र देशाचे निशाण चढले. गिरमिटिया मजुराचे पुत्र शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले.

आजचे शहर

स्वातंत्र्याच्या वेळी सगळा देश साखरेवर जगत होता. बंदरातले हमाल साखरेची पोती पाठीवरून वाहत. १९८० साली साखर यंत्राने भरण्याचे मोठे केंद्र झाले. साखर पट्ट्यावरून सरळ जहाजात पडू लागली. काम झटपट झाले, पण कितीतरी हमालांचे काम गेले. यंत्र येते तेव्हा दोन्ही गोष्टी येतात. पुढे देशाने कपड्यांचे कारखाने काढले, परदेशी पाहुणे आणले, बँकांचा धंदा वाढवला. आज बंदरात साखरेपेक्षा पेट्यांतून येणारा माल जास्त दिसतो. गहू, तांदूळ, तेल, यंत्रे, सगळे बाहेरून यायचे. हिंदी महासागरात धरलेली टुना मासळीही इथे उतरते आणि डबाबंद होऊन जाते. बंदर आठ दिवस बंद पडले, तर बेटाची चूल अडेल.

जुन्या गोदामांच्या जागी १९९६ साली 'कोदां' नावाची बाजारपेठ झाली. शहरातून रुळांवरची गाडी धावते. ती आपल्या भारतातल्या कंपनीने बांधली. २०१९ साली ती सुरू झाली, आणि २०२२ साली वरच्या क्युरपिप गावापर्यंत पोचली.

शहरात मशीद आहे, देवळे आहेत, चर्च आहे, चिनी लोकांचा देव्हाराही आहे. रस्त्यावर क्रेऑल भाषा, वर्तमानपत्र फ्रेंच, कायदेमंडळात इंग्रजी. नाणे मात्र रुपया. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी. शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे. बाजारात 'दालपुरी' मिळते. चण्यासारखी डाळ भरून लाटलेली पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची बहीणच म्हणा, पण तिखटामिठाची. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सगळे एका रांगेत उभे राहून ती खातात.

एक दुखणे मात्र अजून बरे झालेले नाही. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये सिमेंटचे शहर. पाऊस जोराचा पडला तर पाणी जिरायला जागा नाही. ३० मार्च २०१३ रोजी थोड्याच वेळात मुसळधार पाऊस कोसळला. रस्त्याखालच्या भुयारी वाटेत आणि तळघरात पाणी शिरले. ११ माणसे गेली. जानेवारी २०२४ च्या 'बेलाल' वादळातही रस्त्यांवर मोटारी तरंगत होत्या. ओढ्याची वाट बुजवली, की ओढा आपली वाट काढतो. हे आपल्या गावालाही लागू आहे.

शेवटचे दोन शब्द

त्या सोळा पायऱ्या आजही तिथे आहेत. एके काळी आपल्यासारखीच माणसे बोचके घेऊन त्या चढली. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते त्यांच्या हातातल्या कागदावर होते. पण त्यांना वाचता येत नव्हते. तुम्ही हा पाठ स्वतः वाचलात, म्हणजे तुमची गोष्ट वेगळी झाली.

सावकाराचा कागद असो, सोसायटीचा असो, कामावर घेणाऱ्याचा असो. आधी वाचा. न कळले तर विचारा. मग सही करा. आणि तुमच्या घरी किंवा वाडीत कुणी "आमचे खापरपणजोबा जहाजातून गेले, ते परत आलेच नाहीत" असे सांगत असेल, तर त्यांचे नाव आणि गाव एका वहीत लिहून ठेवा. दर्यापलीकडे कुणीतरी तेच नाव शोधत असेल.